विजेची मोटार : दुकानातला भाव आणि मीटरपासूनची वायर

मोटारीच्या दुकानात फलकावर लिहिलेली किंमत आणि गाडी दारात येईपर्यंत प्रत्यक्ष खिशातून गेलेली रक्कम यांत अंतर असते, हे ज्यांनी पूर्वी पेट्रोलची गाडी घेतली आहे त्या सर्वांस ठाऊक आहे. विजेच्या गाडीत हे अंतर फार थोडे असते, असे विक्रेते सांगतात. हे अर्धे खरे आहे. सरकारी कराचा भाग खरोखरच कमी झाला आहे. परंतु त्याच्या जागी एक नवीनच खर्च आला आहे, आणि तो विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये कोठेही लिहिलेला नसतो. तो खर्च म्हणजे इमारतीच्या मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंत न्यावयाची वायर.

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये स्वतंत्र बंगला आणि अंगण असणारे फार थोडे. बाकी सर्व सोसायटीतले. त्यामुळे विजेची गाडी घेण्याचा निम्मा व्यवहार दुकानात आणि निम्मा सोसायटीच्या ऑफिसात होतो. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी म्हणजे प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली रक्कम, थोडे मोडलेले सोने आणि सात वर्षांचे हप्ते. गाडी आधी बुक करायची आणि वायरीचे मग पाहू असे म्हणायचे, हा क्रम ज्याला महागात पडतो त्याचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. म्हणून हा विषय पैशांच्या अंगाने आणि थोडा विजेच्या अंगाने येथे मांडत आहोत.

प्रथम कोटेशन. समजा, गाडीची शोरूममधील किंमत साडेबारा लाख आहे. यात जीएसटी धरलेलाच असतो. विजेच्या गाड्यांवरील हा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आणि चार्जरवरील १८ वरून ५ टक्के झाला. त्यानंतरचा मोठा आकडा आरटीओचा. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्के मोटार वाहन कर पडतो, म्हणजे साडेबारा लाखांवर दीड लाख. विजेच्या गाडीला राज्याच्या २०२१ च्या धोरणाने या करातून सूट दिली आणि २०२५ च्या धोरणाने ती ३१ मार्च २०३० पर्यंत पुढे चालू ठेवली. मध्यंतरी मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचविला गेला होता. तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. नोंदणी प्रमाणपत्राची फी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ पासून माफ केली आहे. तेव्हा कोटेशनमध्ये 'आरटीओ' या शब्दापुढे मोठा आकडा दिसला, तर तो कशाचा आहे हे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. जुन्या सवलती लोकांच्या तोंडी अजून आहेत. २०२१ च्या धोरणात पहिल्या दहा हजार मोटारींना बॅटरीच्या क्षमतेनुसार दीड लाखापर्यंत अनुदान होते. तो कोटा केव्हाच संपला. प्राप्तिकराच्या ८० ईईबी कलमाखाली व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट मिळे. पण ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच. आज कर्ज काढणाऱ्यास कोणी ही वजावट दाखवून हप्ता हलका असल्याचे सांगत असेल, तर त्याचे गणित जुने आहे. केंद्राच्या १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खाजगी मोटारीला अनुदान नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने 'पेट्रोलपेक्षा अमुक इतकी स्वस्त' ही त्याआधीची कोष्टकेही बाद झाली आहेत. तुलना करावयाची तर आजची दोन कोटेशने समोर ठेवूनच करावी.

दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. साडेबारा लाखांवर साडेबारा हजार. हा वेगळा कर नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. मात्र विवरणपत्र भरायला हवे! निवृत्त माणसे आणि छोटे व्यावसायिक हे पैसे सोडून देतात, याचे वाईट वाटते.

विम्याचे दोन भाग असतात. तिसऱ्या पक्षाचा विमा नवीन मोटारीसाठी सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे विजेच्या मोटारीचा हा तीन वर्षांचा हप्ता मोटरच्या शक्तीवर ठरतो : ३० किलोवॅटपर्यंत ५,५४३ रुपये, ३० ते ६५ किलोवॅट ९,०४४ रुपये आणि त्यावर २०,९०७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. या दरात विजेच्या गाडीची १५ टक्के सूट धरलेली आहे. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो कंपनीगणिक बदलतो आणि तो विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असा कोणताही कायदा नाही. दोन ठिकाणचे भाव आणावेत. बॅटरी व चार्जर यांचे जादा कलम काही कंपन्या देतात. आपल्या शहरात ते घ्यावे असे आमचे मत आहे. कारण पुढे येईल.

राहिले फास्टॅग, पायपुसण्या, सीटकव्हर, वाढीव वॉरंटी आणि 'हँडलिंग'. यातील हँडलिंग हा कोणत्याही सरकारचा कर नव्हे. तो काढून टाका म्हणून स्पष्ट सांगावे.

आता चार्जर. यातच खरी मेख आहे. गाडीबरोबर चार्जर येतोच, असे समजू नये. महिंद्रने आपल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आणल्या. चाकणला बनणाऱ्या या गाड्यांच्या जाहीर किमतीत चार्जर आणि तो बसविण्याचा खर्च धरलेला नव्हता. ७.२ किलोवॅटच्या चार्जरला पन्नास हजार आणि ११.२ किलोवॅटच्या चार्जरला पंचाहत्तर हजार वेगळे होते. टाटांची टियागो २०२२ मध्ये आली, तेव्हा तिच्या काही प्रकारांत ३.३ ऐवजी ७.२ किलोवॅटच्या चार्जिंगसाठी पन्नास हजार अधिक पडत. आणखी एक तऱ्हा सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीच्या विंडसरने आणली. गाडी ९.९९ लाखांची, पण बॅटरी भाड्याने, किलोमीटरला साडेतीन रुपये. महिन्याला १,२५० किलोमीटर फिरणाऱ्यास हे भाडे ४,३७५ रुपये होते, वीज वेगळी. असा करार करताना किमान किलोमीटरची अट आहे का, ते वाचून मगच सही करावी.

'चार्जर' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या वस्तू घालतो, आणि गैरसमज तेथूनच होतात. विद्यार्थी वाचकांसाठी हे जरा फोड करून सांगतो. बॅटरीला डीसी वीज लागते आणि घरी येते ती एसी. एसीची डीसी करणारे यंत्र गाडीच्या पोटातच असते. खरा चार्जर तो. भिंतीवर जी पेटी लावतात ती वास्तविक एक शहाणे बटण आहे : ती गाडीशी संकेताने बोलते, किती अँपिअर घ्यावयाचे ते सांगते आणि गडबड दिसली तर प्रवाह तोडते. म्हणून गाडीच्या पोटातील यंत्र ३.३ किलोवॅटचे असेल, तर भिंतीवर ७.२ ची पेटी लावूनही ३.३ च मिळणार. पन्नास हजार देण्यापूर्वी एवढा एक प्रश्न विचारावा.

दुसरी वस्तू गाडीबरोबर मिळणारी केबल. तिच्या एका टोकाला गिझर किंवा एसीच्या पॉवर पॉइंटमध्ये बसणारा मोठा तीन पिनांचा प्लग, मध्ये एक डबी आणि दुसऱ्या टोकाला गाडीत बसणारी सात पिनांची गन असते. या गनला 'टाइप टू' म्हणतात. २३० व्होल्टला १५ अँपिअरने गुणले की सुमारे साडेतीन हजार वॅट होतात, ३.३ किलोवॅट हा आकडा तेथून आला. भिंतीवरची पेटी ३२ अँपिअर देते, म्हणून ती सात किलोवॅटच्या पुढे जाते. ११ किलोवॅटसाठी मात्र थ्री-फेज जोडणी लागते. एक किलोवॅट एक तास चालले की एक युनिट. ३० युनिटांची रिकामी बॅटरी ३.३ ने भरायला नऊ-दहा तास, ४५ युनिटांची भरायला चौदा-पंधरा तास लागतात, ७.२ ने तीच साडेसहा-सात तासांत भरते. शिवाय वाटेत दहा टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेत जाते, तीही बिलात येते.

तिसरी वस्तू म्हणजे हायवेवरील जलद चार्जर. तो बाहेरच डीसी करून थेट बॅटरीत भरतो. त्याची जाड केबल तेथेच बांधलेली असते. आपल्याला काही न्यावे लागत नाही. काही सार्वजनिक एसी केंद्रांवर मात्र नुसते सॉकेट असते आणि दोन्ही टोकांना टाइप टू असलेली केबल आपली आपण आणावी लागते. अशी केबल जादा घ्या म्हणून दुकानात आग्रह होतो. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर तसे केंद्र असेल तरच घ्यावी. नसेल तर ती डिकीत पडून राहते. सार्वजनिक चार्जिंग ही कायद्याने सेवा आहे, त्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. रोज बाहेरच चार्ज करीन म्हणणाऱ्याने पेट्रोलशी तुलना या दराने करावी, घरच्या दराने नव्हे.

आता वायरीकडे येऊ. गिझर दोन किलोवॅटचा असतो, पण तो पंधरा मिनिटे चालतो. गाडी ३.३ किलोवॅट नऊ-दहा तास सलग ओढते. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर हा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. खिडकीतून वायर सोडून गाडी चार्ज करणे तर सोसायटीनेच बंद केले पाहिजे. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र तांब्याची केबल, दोन्ही टोकांना योग्य एमसीबी, गळतीचा प्रवाह ओळखून तोडणारा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग, एवढे लागतेच. अर्थिंग खराब असेल तर गाडीबरोबर आलेली केबल लाल दिवा दाखवून चार्ज करायचेच नाकारते. जुन्या इमारतीत हा अनुभव सर्रास येतो आणि लोक गाडीला दोष देतात. गाडी बिचारी बरोबर असते!

केबल किती जाड घ्यावी यावर इलेक्ट्रिशियनशी घासाघीस होते, म्हणून एक हिशेब देतो. मीटर रूम पार्किंगपासून ४० मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध या लांबीला सुमारे ०.६ ओहम भरतो. ३२ अँपिअर सोडले तर १९ व्होल्ट वाटेतच पडतात आणि सहाशे वॅट तार तापविण्यात जातात. सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध पाव ओहम, घट आठ व्होल्ट आणि उष्णता अडीचशे वॅट. म्हणजे सात तासांत जवळजवळ अडीच युनिट वाचतात, आणि मुख्य म्हणजे तार तापत नाही. मीटर रूम इमारतीच्या पुढे आणि गाडी मागच्या कंपाउंडला असेल तर अंतर दुप्पट होते, त्यासाठी आणखी जाड, चिलखती केबल लागते, आणि फरशी फोडून पुन्हा बसविण्याची मजुरीही आलीच. त्यामुळे 'इन्स्टॉलेशन फ्री' या शब्दांत किती मीटर केबल धरली आहे, हे लिहून घ्यावे. फुकटचे मीटर संपले की पुढचा प्रत्येक मीटर आपला.

यापेक्षाही अवघड प्रश्न जागेचा. मीरा रोडच्या शांतीनगरसारख्या जुन्या वसाहतीत बिऱ्हाडे अनेक आणि गाड्यांच्या जागा थोड्या. सोसायटीच्या आदर्श उपविधींत अशा वेळी पार्किंग चिठ्ठ्या टाकून वर्षापुरते द्यावे अशी तरतूद आहे. ज्याची जागा पुढल्या वर्षी बदलणार, त्याने यंदा भिंतीत केबल गाडून काय करावे? 'ही जागा मी बिल्डरकडून विकत घेतली आहे' असे कोणी म्हणत असेल, तर जवळच्याच दहिसरच्या पांचाली सोसायटीचा निकाल लक्षात घ्यावा. मोफा कायद्याखालील इमारतीत उघडी किंवा स्टिल्टखालची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी त्या प्रकरणात सांगितले. मीरा-भाईंदरमधील पुष्कळ इमारती या प्रकारात मोडतात.

कमिटीने मात्र 'नाही' एवढेच म्हणून भागणार नाही. घरच्या जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करण्यास केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे मुभा देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. आपल्या शहरात वीज बहुतांश अदाणी इलेक्ट्रिसिटीची, पूर्वीच्या रिलायन्सची आणि त्याआधीच्या बीएसईएसची. टाटा पॉवरलाही येथे परवाना आहे. अर्ज तेथे करावयाचा. पण जागा आणि मीटर रूम सोसायटीची असल्याने तिच्याशी भांडून वायर जात नाही. आमच्या मते चिठ्ठ्यांचे पार्किंग असलेल्या सोसायटीत वैयक्तिक पेटीचा हट्ट सोडून दोन जागा चार्जिंगसाठी राखाव्यात, सोसायटीच्या नावे स्वतंत्र मीटर घ्यावा आणि प्रत्येकाने वापरलेली युनिटे भरावीत. केबल एकदाच पडते, खर्च वाटला जातो आणि पुढे येणाऱ्या चौथ्या-पाचव्या गाडीची सोय होते. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांच्यावर याचा बोजा पडता कामा नये, हे ठरावातच लिहावे. जिना चढून घरी जाणाऱ्या निवृत्त सभासदाने दुसऱ्याच्या गाडीची वीज का भरावी?

वीजबिलाचेही असेच. नियामक आयोगाने २०१८ मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी वेगळा दरगट केला, पण घरच्या मीटरवर चार्ज केल्यास घरगुती दरच लागतो. घरगुती दर पायऱ्यांचा आहे : शंभर, तीनशे, पाचशे युनिटे आणि त्यापुढे. अंधेरीला गाडीने जाऊन-येऊन रोज पन्नास किलोमीटर धरले तर महिन्याला सुमारे दोनशे युनिटे लागतात. घरचा वापर २५० असेल तर एकूण ४५० झाले, म्हणजे गाडीची बरीचशी वीज तीनशेच्या वरच्या महाग पायरीवर पडली. विक्रेता सांगतो तो 'किलोमीटरला अमुक पैसे' हा दर खालच्या पायरीचा असू शकतो. आपले मागील बारा बिले काढून पायरी पाहावी. मंजूर भार वाढविला तर स्थिर आकारही वाढतो का, हे त्याच अर्जाबरोबर विचारावे.

कर्जाबाबत थोडेसेच. विजेच्या गाडीला काही बँका व्याजात थोडी सूट देतात. स्टेट बँकेने २०१९ मध्ये 'ग्रीन कार लोन' म्हणून अशी योजना आणली. पण चार्जरचे पन्नास हजार कर्जात घातले तर ९ टक्के दराने सात वर्षांत सुमारे साडेसदुसष्ट हजार फेडावे लागतात. केबल आणि गवंडीकाम यांना तर कोटेशनच नसल्याने बँक बहुधा पैसे देत नाही. ती रक्कम हातात रोख ठेवूनच डाउन पेमेंट किती करावयाचे ते ठरवावे. सर्व शिल्लक डाउन पेमेंटमध्ये घालून मग इलेक्ट्रिशियनसाठी सोसायटीच्या पतपेढीत धावणे, हे टाळता येण्यासारखे आहे.

शेवटी पाऊस. आपले शहर खाडी आणि मिठागरांच्या कडेला, सखल जमिनीवर उभे आहे. जुलैमध्ये कित्येक कंपाउंडांत गुडघ्याएवढे पाणी येते. म्हणून पेटी आणि सॉकेट भिंतीवर पुराच्या जुन्या खुणेच्या वर, छपराखाली लावावे. मीटर रूमच तळाला असेल तर तेथील एमसीबीची उंचीही पाहावी. खाऱ्या हवेने गनच्या पिना काळ्या पडतात, त्यामुळे तोंडावरचे रबरी टोपण हरवू देऊ नये. गाडीबरोबरची केबल रात्रभर बाहेर लोंबत ठेवू नये. ती महाग आहे आणि चोरीस जाते. विम्यातील बॅटरी व चार्जरचे कलम वर सुचविले ते याचसाठी, आणि त्यात पाणी शिरून झालेले नुकसान धरले आहे का हे पॉलिसीत शोधून पाहावे. गाडी ताब्यात घेताना केबलची डबी उघडून पाहावी, तिच्यावरील क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि चार्जरच्या वॉरंटीचा कागद वेगळा मागावा. बॅटरीला अनेक कंपन्या आठ वर्षांची वॉरंटी देतात. चार्जरची मुदत बहुधा तेवढी नसते.